काडेपेटीएवढं घर

मित्रांनो, मी एक जुनी प्रतिकृती आहे. नगरपालिकेच्या अडगळीच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांच्या मागे माझा मुक्काम असतो. काचेवर धुळीचा थर आहे. पण एके काळी मला बघायला रांगा लागत, हे मी जरा मिरवूनच सांगते.

आमच्या शहराचं रुग्णालय टेकडीवर. चढ असा, की आजारी माणसाला वर नेताना धडधाकट माणसाच्या नाकी नऊ येत. एका इंजिनिअर बाईंनी त्यावर उपाय काढला. उंच खांबांवरच्या रुळाला लटकून चालणारी गाडी, घरांवरून थेट टेकडीवर! लोकांना ते खरं वाटेना, म्हणून बाईंनी सुतारकाकांकडून मला करवून घेतलं. लाकडी फळीवर रस्ते, घरं, खांब आणि एक इवलासा डबा. बटण दाबलं की तो कुरकुरत टेकडी चढे. तेव्हा मोठी माणसंसुद्धा लहान होत.

मग सभा सुरू झाल्या. काय भांडत माणसं! कुणी म्हणे, गाडी डोक्यावर पडेल. कुणी म्हणे, पडायला आधी ती उभी तर राहू दे. बाई मात्र सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेत. मला त्यांचं फार कौतुक वाटे.

एका सभेत शिवणकाम करणारी एक मावशी पुढे आली. मापाची टेप गळ्यात तशीच होती. काचेला नाक लावून तिने मला बराच वेळ न्याहाळलं.

"बाई, यात माझं घर कुठंय?"

सुतारकाका खाली बघू लागले. तिच्या गल्लीतली लहान घरं त्यांनी केलीच नव्हती. मोकळी फळी सुबक दिसते ना, म्हणून. तिथे एक खांब मात्र दिमाखात उभा होता.

मागून एक माणूस उठला. टेकडी चढतानाच त्याची आई गेली होती. "मावशी, तुमच्या एका घरापायी अजून किती जणांनी वाटेत जीव सोडायचा?"

"गाडी नको असं कुठं म्हणतेय मी?" मावशी म्हणाली. "मला दमा आहे. मलाही वर जायचंच असतं. पण परत यायला घर नको का?"

सुतारकाकांनी खिशातली काडेपेटी काढून पुढे केली. बाईंनी माझी काच उघडून ती मावशीच्या घराच्या जागी ठेवायला घेतली, तर खांब आड आला. त्यांनी तो खांब हाताने उपटला. मला दुखलं, खोटं कशाला सांगू?

"याला दुसरी जागा शोधते," बाई त्या माणसाला म्हणाल्या. "पण काम लांबेल."

त्याने पुढे येऊन ती काडेपेटी बघितली. मग म्हणाला, "लांबू दे. सोडू मात्र नका."

बाईंनी सोडलं नाही. टीका झाली, टिंगल झाली, पण गाडी झाली. त्या गल्लीपाशी ती छानसं वळण घेते. पहिल्या दिवशी मावशी आणि तो माणूस शेजारी बसले होते, असं सुतारकाका सांगत. वळणावर मावशी त्याला म्हणाली, "ते कपडे वाळत घातलेत ना, ते माझं घर."

आता माझ्या शेजारी एक नवी प्रतिकृती आली आहे, नदीखालून जाणाऱ्या बोगद्याची. फार देखणी आहे. लवकरच ती सभेला जाईल. मित्रांनो, तिला बघायला जरूर जा. तिचं तोंडभर कौतुक करा, मोठी स्वप्नं बघणाऱ्यांना त्याची गरज असते. पण काचेला नाक लावून आपलं घर शोधा, शेजाऱ्याचंही शोधा. तिची फळी मला जरा जास्तच मोकळी वाटते. जाताना खिशात एक रिकामी काडेपेटी असू द्या.