कानिफनाथ, डावा

लकव्यानं कान्हूचा डावा पाय गेला असं गाव म्हणायचं. गेला कुठला! उलट असा हट्टाला पेटला की धन्यालाच जुमानेना. पोटरी दगडासारखी, टाच अधांतरी, बोटं आत वळून मूठ आवळलेली. एकदा त्या बोटांनी गोधडीचं टोक धरलं, तर सोडवायला तीन माणसं आणि एक बैल लागला. बैलाचं नंतर कुणी कबूल करत नाही, ती गोष्ट वेगळी.

जीभही जडावलेली. मनात अख्खं वाक्य तयार, ओठांवर नुसतं "म... म..."

आठ महिने तो माजघरातल्या खाटेवर पडून होता. दार सहा पावलांवर. त्या दारातून आपल्या पायांनी अंगणात जायचं, एवढंच त्याला हवं होतं.

मग बायको रतनबाईनं त्याला नगरला नेलं. तिथल्या पायाच्या डॉक्टर फलक मॅडमनी दोन्ही पायांचे प्लॅस्टरमध्ये साचे घेतले. म्हणाल्या, "काका, जोर लावू नका. जितका जोर लावाल तितका हा आवळणार. बुटात घालायचे तळवे करून पाठवते. बोटांखाली उंचवटा, टाचेला वाटी. बोटं उलगडली की पोटरी आपोआप सैल पडेल."

पार्सल आलं त्या दिवशी रतनबाई कांदा काढायला रानात गेलेली. घरात कान्हूची थोरली बहीण केशरबाई, तिला दिसायचं बेताचं. तिनं शेजारच्या छगनला हाक मारून खोकं उघडायला लावलं. आत पायाच्या आकाराचे दोन गुळगुळीत तळवे.

"आत्या, मागं नाव लिव्हलंय. कानिफनाथ, डावा. कानिफनाथ, उजवा."

आता कान्हूचं खरं नाव कानिफनाथ, हे फक्त आधार कार्डाच्या लक्षात राहिलेलं. केशरबाईनं हात जोडले. "अगं बाई! मढीहून, नाथाच्या समाधीवरनं पादुका आल्या!"

घटकाभरात देवघरासमोर पाट मांडला, वर तळवे ठेवले, हळद-कुंकू वाहिलं. आळीतल्या बायका नारळ घेऊन आल्या. देवघर त्याच माजघरात, खाटेपासून चार पावलांवर. कान्हूनं सगळी ताकद जिभेत आणली.

"मा... माझं... माझं!"

"बगा, बगा!" केशरबाईचे डोळे भरून आले. "आठ महिन्यांनी तोंड उगडलं, आन् काय म्हनला? माझा नाथ!"

कान्हू खाटेवरून घसरला. उजव्या हातानं फरशी ओढत निघाला. घाई केली तसा पाय आणखी आवळला, बोटं तळव्यात रुतली. छगन धरायला धावला.

"हात लावू नगं! दंडवत घालतोय त्यो."

भिंतीला धरून कान्हू उठला आणि डावा पाय त्यानं सरळ पाटावर ठेवला.

"पाय लावला! पादुकांना पाय लावला!" बायका किंचाळल्या.

तेवढ्यात करंगळी उलगडली. मग शेजारची. पाचही बोटं कोंबडीच्या पिलांसारखी एकामागून एक बाहेर आली आणि टाच वाटीत टप्पकन् बसली. त्यानं उजवा पायही ठेवला. आठ महिन्यांत पहिल्यांदा कान्हू उभा होता, खांबासारखा.

"पावला! नाथ पावला!"

आरती सुरू झाली. कुणीतरी त्याच्या बोटांना कुंकू लावलं, गळ्यात हार घातला. कान्हूनं पाय खाली टेकवला, मूठ आवळली. परत पाटावर, उलगडली. वाकून तळवा उचलायला गेला, तर केशरबाईनं मनगट धरलं. "हां! एकदा पुजल्यावर हलवायच्या न्हाईत."

दिवेलागणीला रतनबाई आली. दारात गर्दी. तिनं तळव्यांसाठी आणून कोपऱ्यात ठेवलेले नवे बूट उचलून डोक्यावर धरले आणि ओरडली, "आवो वन्सं, त्यांच्या पायाचं हाय ते! बुटात घालायचं हाय!"

"बुटात?" केशरबाई कडाडली. "नाथाच्या पादुका बुटात घालतीस? आन् वहाना घिऊन घरात? आदी भाईर हो!"

गर्दीनं रतनबाईला बुटांसकट अंगणात लोटलं. तिचा आवाज कान्हूला ऐकू येत होता, मागून. दार त्याच्या पाठीमागं होतं, आणि नुसतं वळायचं म्हटलं तरी पाटावरून उतरावं लागणार होतं.