चंपतरावांच्या विमानाचा खोका

मी एक जुना पुठ्ठ्याचा खोका आहे. माझ्यात खेळण्यातले एक विमान राहत असे. आता माझ्यात काही नाही. मित्रांनो, रिकाम्या खोक्याकडे सांगण्यासारखे काय असणार, असे तुम्हाला वाटेल. मलाही पुष्कळ दिवस तसेच वाटत होते.

माझा जन्म विलायतेत, खेळण्यांच्या एका कारखान्यात झाला. तिथे एकीकडे वितळलेला धातू साच्यात ओतून विमाने घडत आणि दुसरीकडे आम्हा खोक्यांना घड्या पडत. माझा रंग निळा होता. झाकणावर चार पंख्यांच्या प्रवासी विमानाचे चित्र छापलेले होते. आतही अगदी तसेच, वीतभर लांबीचे, चंदेरी आणि हाताला जड लागणारे विमान होते. त्याचे पंखे बोटाने फिरत. आम्ही दोघे एका साहेबाच्या सामानातून कामठीच्या छावणीत आलो. ते कुटुंब परत विलायतेला जायला निघाले, तेव्हा त्यांच्या घरातल्या वस्तू विकायला काढल्या. १९६३ साली तिथूनच चंपतरावांनी आम्हाला विकत घेतले.

चंपतराव नागपूरला सोनेगावच्या विमानतळावर कामाला होते. विमान येऊन थांबले की धावत जाऊन त्याच्या चाकांना लाकडी ठोकळे लावायचे आणि विमान निघताना ते काढायचे, हे त्यांचे काम. त्यांची बायको कौसल्या महाल भागातल्या एका बाइंडिंगच्या कारखान्यात पुस्तके बांधायला जाई. त्यांची मुलगी जया तेव्हा सहा वर्षांची होती. तिघे विमानतळाजवळच्या क्वार्टरमध्ये राहत.

पहिल्या दिवशी कौसल्येने मला हातात घेऊन विचारले, "हे लहान पोरायचं खेळणं काहून आणलं जी?"

"मी दिवसभर विमानाच्या पोटाखालीच असतो," चंपतराव म्हणाले. "वरून ते कसं दिसते, मले कधी पाहालेच भेटलं नाही."

कौसल्या हसली नाही. तिने फळीवरचे डबे सरकवले आणि मला जागा करून दिली.

त्यानंतर चंपतरावांना छंदच लागला. इतवारीतल्या भंगारच्या दुकानांतून ते विमाने शोधून आणत. विमानांवर काम करणारे ओळखीचे लोक कधी मुंबईहून, कधी कलकत्त्याहून एखादे आणून देत. पण खोका नसलेले विमान ते नाइलाजानेच घेत. हात धुतल्याशिवाय ते कोणत्याही खोक्याला शिवत नसत. झाकणाचा दुमडलेला कान ओढायचा नाही, अंगठ्याने हळूच उचलायचा, हे त्यांनी जयालाही शिकवले. आम्ही वाढत वाढत एकोणीस झालो, तेव्हा त्यांनी आमच्यासाठी एक लोखंडी ट्रंक आणली.

रुपराव नावाचे त्यांचे एक मित्र बँकेत कारकून होते. त्यांनाही हाच नाद होता. त्यांच्याकडे काचेच्या कपाटात पुष्कळ विमाने होती, पण खोके त्यांनी सुरुवातीलाच फेकून दिले होते. ते आले की आधी आम्हा खोक्यांना हातात घेत आणि मग विमानाकडे पाहत. माझे त्यांना विशेष कौतुक होते. त्या दिवसांत माझ्या अंगावर साधा ओरखडाही नव्हता.

१९७१ साली चंपतराव दोन महिन्यांसाठी कामाच्या प्रशिक्षणाला दिल्लीला गेले. जाताना त्यांनी सांगितले, "ट्रंक जमिनीवर नको ठेवू वं. विटा लावून वर ठेव." कौसल्या हो म्हणाली. पण कारखान्यात शाळेच्या वह्यांचे काम आले होते आणि जया तापाने आजारी होती. विटा राहून गेल्या.

ट्रंकेच्या बुडाला गंजून एक भोक पडले होते. त्यातून वाळवी आत आली. आधी ती माझ्या शेजारच्या खोक्यात शिरली, मग माझ्यात. मित्रांनो, वाळवी खाते तेव्हा दुखत नाही. फक्त रोज आपण थोडे कमी होत जातो. कौसल्येने ट्रंक उघडली तेव्हा आठ खोके खाल्ले गेले होते. विमाने धातूची, त्यांना काही झाले नव्हते. माझी डावी बाजू गेली होती. झाकणावरच्या चित्रातली शेपटी आणि एक पंखा नाहीसा झाला होता.

कौसल्या बराच वेळ जमिनीवर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी तिने कारखान्यातून पुठ्ठ्याचे तुकडे मागून आणले. मैद्याची खळ शिजवली आणि पुन्हा कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घातले. वीस दिवस, कामावरून आल्यावर, ती दाराशी उजेडात बसून आम्हाला दुरुस्त करत होती. खाल्लेला भाग कापायचा, तेवढाच नवा पुठ्ठा जोडायचा, वरून त्याच रंगाचा कागद. माझ्यासाठी तिला हवा तसा निळा कागद मिळेना, तेव्हा तिने पांढऱ्यालाच रंग दिला. चित्र पुरे करायला नमुना नव्हता. मग तिने माझे विमान पाटावर ठेवले आणि त्याच्याकडे पाहून शेपटी काढली, पंखा काढला. छापलेले तीन पंखे फिरताना दाखवलेले होते, त्यांची नुसती वर्तुळे दिसत. तिने काढलेला चौथा मात्र थांबलेला होता. त्याची तिन्ही पाती मोजता येत होती.

चंपतराव परतले त्याच संध्याकाळी तिने ट्रंक त्यांच्यासमोर उघडली.

"वाळवी लागली होती," ती म्हणाली. "विटा लावाच्या मीच विसरली."

त्यांनी हात धुतले. एकेक खोका उचलून सगळ्या बाजूंनी पाहिला. मला त्यांनी सर्वांत जास्त वेळ पाहिले. कौसल्या उभीच होती.

"बरं," ते म्हणाले.

त्यांनी विमान माझ्यात ठेवले आणि झाकण लावले. तिने थोडा वेळ वाट पाहिली. मग ती भाकरी टाकायला गेली. त्या विषयावर त्या घरात पुन्हा बोलणे झाले नाही.

बारा वर्षे गेली. जयाचे लग्न होऊन ती खापरखेड्याच्या वसाहतीत राहायला गेली. १९८३च्या उन्हाळ्यात चंपतरावांना कामावरच छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचण्याआधी ते गेले.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे परतले. कौसल्येने चंपतरावांचे दोन्ही गणवेश धुऊन, इस्त्री करून ऑफिसात परत दिले. दुसऱ्या दिवसापासून ती कामावर जाऊ लागली. कुणी बोलले तर उत्तर देई. विमान छपरावरून गेले तर मान वर करत नसे.

जया भेटायला आली तेव्हा म्हणाली, "आई, रड ना वं थोडी."

"येत नाही," कौसल्या म्हणाली आणि तांदूळ निवडत राहिली.

मला काय वाटत होते, असे विचाराल तर मलाही काही वाटत नव्हते. ट्रंक बंद होती. आत विमान होते आणि मी होतो, एवढेच.

क्वार्टर सोडावे लागणार होते. हुडकेश्वरला एक खोली मिळाली, पण तिथे ट्रंक ठेवण्याइतकी जागा नव्हती. विमाने घेऊन जा, असा कौसल्येने रुपरावांना निरोप पाठवला.

ते रविवारी आले. "जयभीम, वहिनी," म्हणून दाराशीच थांबले. तिने आत बोलावले, पाणी दिले, ट्रंक उघडली. रुपराव एकेक खोका काढून चटईवर मांडू लागले. वाळवी न लागलेले अकरा त्यांनी एका बाजूला ठेवले.

"हे आठ ओरिजिनल नाहीत, वहिनी," ते म्हणाले. "याच्यातली फक्त विमानं नेतो."

"न्या."

त्यांनी मला सगळ्यांत शेवटी उचलले आणि तसेच हातात धरून बसले.

"हे विमान मी तीन वेळा मागितलं चंपतरावले. तो म्हणे, दुसरं कोणतंही विमान ने, पण हा खोका देणार नाही. मी म्हटलं, खोका तर दुरुस्त केलेला हाये, त्याचं काय करतं गा? तर म्हणे, हा पंखा माह्या बायकोनं विमान समोर ठेवून काढला. कारखान्यात बसून असा कोणी काढला असता काय?"

कौसल्या दुसरे खोके पुसत होती. तिचा हात थांबला.

"असं म्हणाले ते?"

"दर वेळी. कोणी पाहाले आलं, का पहिले हाच खोका दाखवे. वाळवी लागली होती अन् माह्या बायकोनं वीस दिवस बसून सारे उभे केले, हे सांगितल्याशिवाय तो चहा पिऊ देत नव्हता. तुम्हाले माहीत नाही?"

"मले नाही म्हणाले."

रुपराव खरे बोलत होते. सुट्टीच्या दिवशी, कौसल्या कामावर असताना लोक येत. तेव्हा चंपतराव मला तळहातावर घेऊन हे सांगत. मी प्रत्येक वेळी ऐकले होते. मला ते तिला सांगता येत नव्हते.

 मग कौसल्येने मला त्यांच्या हातून घेतले. अंगठ्याने कान उचलला, विमान बाहेर काढले आणि त्यांच्यापुढे ठेवले.

"विमान न्या, भाऊ. हा खोका राहू द्या."

"बाकीचे सातही ठेवून घ्या मग."

"जागा नाही."

रुपराव खाली पाहू लागले. "तर मी नेतो सातही," ते म्हणाले. "मघा नको म्हटलं, ते चुकलं माहं."

विमान कागदात गुंडाळून गेले. इतकी वर्षे आम्ही सोबत होतो, पण जाताना त्याचा आवाजही झाला नाही.

आता मी हुडकेश्वरच्या खोलीत खिडकीजवळच्या फळीवर असतो. मागच्या महिन्यात जया आली होती. तिने मला हलवून पाहिले.

"रिकामाच ठेवला काहून, आई? सुईदोरा तरी ठेव यात."

"राहू दे."

जयाने मला परत ठेवले. कौसल्या माझ्याकडे पाहत होती.

"बारा वर्षं घरातच होते ना वं ते," ती म्हणाली.  "मलेच एकदा म्हणाले असते."

जया उठली. आईच्या जवळ जाऊन बसली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे सांगायला मी ही हकीकत सांगितली नाही. जपणारे पुष्कळ असतात. तुमच्याही घरात कुणीतरी फाटक्या पुस्तकाला पुठ्ठा लावला असेल, तुटलेल्या खुर्चीचा पाय जोडला असेल. तुम्ही ती वस्तू कौतुकाने पाहुण्यांना दाखवत असाल. दाखवा. पण आधी आत जाऊन त्या माणसाला सांगा. ते माणूस घरात आहे आणि तुम्हीही आहात, तोवर सांगा.