एक्केचाळीस वेळा मोजलेला डबा

मी एक नाही, एक्केचाळीस आहे. तेलगावच्या चौकातला फ्लेक्स तरी तसंच म्हणत होता, आणि फ्लेक्सवर छापलेलं खोटं कसं असेल? मी बोलतोय तो जीवनच्या झेरॉक्सच्या दुकानातला जुना संगणक. लोक मला डबा म्हणतात. माझ्या डोक्यावर कायम लॅमिनेशनच्या कागदांचा गठ्ठा असतो, त्यामुळे मान वर करून भांडायची सोय नाही.

माझा जन्म बीडच्या एका दुकानात झाला. पेटी एका कंपनीची, मेंदू दुसरीचा, आणि हार्डडिस्क कुणाची ते जोडणाऱ्यालाही आठवत नव्हतं. जीवनने मला एसटीत मांडीवर बसवून आणलं. तेव्हापासून मी गावाचे पीकविम्याचे अर्ज भरले, सातबारे काढले, बारावीचे निकाल दाखवले. मुलं पास व्हायची ती शाळेतल्या सरांच्या कृपेने. नापास व्हायची ती मात्र हटकून माझ्यामुळे, कारण मी "लई स्लो" होतो.

पण माझ्या पोटात एक गोष्ट होती, जिच्यापुढे हे सगळं किरकोळ. जीवनची आई, भिमाबाई. जयंतीच्या कार्यक्रमांत ती तीस वर्षं गायली. स्वतः रचायची, स्वतःच चाल लावायची. जीवन तेव्हा टेपरेकॉर्डर धरून समोर बसायचा. दर गाण्याआधी ती खोकायची आणि विचारायची, "चालू हाय का रं?" अशा अडुसष्ट कॅसेटी होत्या. ती गेली त्या वर्षी जीवनने त्या माझ्यात उतरवल्या, आणि मग कॅसेटी माळ्यावर ठेवल्या. उंदरांनी त्या संपवल्या. झालं, आता भिमाबाई जगात एकाच जागी उरली. माझ्यात.

जीवनने एक शहाणपण केलं. त्याने ते सगळं आमच्या देवघेवीच्या जाळ्यावर टाकलं. या जाळ्यात मोठा मालक कुणी नसतो. ज्याच्याकडे जे आहे ते त्याने तुकड्यातुकड्याने दुसऱ्याला द्यायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला. नाशिक, नागपूर, सुरत, अशी सात ठिकाणची माणसं भिमाबाईला घ्यायला रांगेत लागली. सातही जण सत्त्याण्णव टक्क्यांवर येऊन अडकले. उरलेले तीन टक्के फक्त माझ्याकडे होते आणि माझी डिस्क आता टकटक करायला लागली होती. एकदम सगळं काढायला गेलं की ती अडकायची. तुकड्यातुकड्याने मात्र अजून देत होती.

अडचण लाईटची होती. लाईट गेली की मी जायचो. आली की उठायचो, आधी पोटातलं सगळं धड आहे का ते अर्धा-पाऊण तास तपासायचो, मग जाळ्यावर हजेरी लावायचो. दोन-चार तुकडे देतो न देतो तोच पुन्हा लाईट जायची. दिवसातून दहा वेळा.

आता या देवघेवीला एक सॉफ्टवेअर लागतं. माझ्यात कासवाच्या चित्राचं होतं, जुनं. नवं आलं ते चिमणीच्या चित्राचं. दोन्ही काम तंतोतंत एकच करतात. त्यामुळे भांडण किती जोरात असेल ते आपल्या भागातल्या माणसाला सांगायला नको. कॉम्प्युटर क्लासवाले उत्तरेश्वर सर कासवाचे, कारण दहा वर्षं तेच शिकवलेलं. मोबाईलच्या दुकानाचे अजिनाथ चिमणीचे, कारण सर कासवाचे.

शेवटी सरांनी शास्त्रीय मार्ग धरला. चार दिवस लॅपटॉप लावून जाळ्यावर नजर ठेवली. तेलगावच्या बाजूने जो कुणी हजर होईल त्याची खूण आणि त्याचं सॉफ्टवेअर आपोआप टिपायचं. निकाल लागला. कासव एक्केचाळीस, चिमणी तीन. दुसऱ्याच दिवशी चौकात फ्लेक्स: "तेलगावची एकच पसंती, कासव! ४१ वापरकर्त्यांचे हार्दिक अभिनंदन!" खाली सरांचा गॉगल घातलेला फोटो. सॉफ्टवेअर बनवणारे जगाच्या कुठल्या टोकाला होते कोण जाणे, हार मात्र सरांच्या गळ्यात पडला.

अजिनाथ तणतणत आमच्या दुकानात आले. सर तिथेच लॅपटॉप उघडून बसले होते.

"एक्केचाळीस? आपल्या गावात तेवढ्यांकडं कंप्युटर तरी हायेत का?"

"आकडा बोलतोय, अजिनाथ. मी न्हाई."

"मंग करा की फेरमोजणी. सोमवारी, माझ्यासमोर."

"करू. भितंय कोण?"

अजिनाथ गेले आणि लगेच लाईट गेली. मीही गेलो. लाईट आल्यावर उठलो, तपासणी उरकली, जाळ्यावर हजेरी लावली. सरांच्या लॅपटॉपने टुण्ण केलं. त्यावर एक नवा कासववाला उगवला होता. सरांनी लॅपटॉपकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आमचं कासव दर वेळी सुरू होताना नवी खूण घेतं, हे ते दहा वर्षं शिकवत होते. आज पहिल्यांदा त्यांना ते समजलं. चार दिवस, रोज दहा वेळा, आणि रविवारी एकदा जास्त. सरांनी लॅपटॉप मिटला आणि चहा संपवला. हा माणूस हिशोबात कच्चा नव्हता.

जाताना ते जीवनला म्हणाले, "ह्याला बंद करू नको. आन् इन्व्हर्टर-बिन्व्हर्टर आत्ता लावू नको. सोमवार होऊ दे."

"कावून, सर?"

"जुनं मशीन हाय. त्याला सवय न्हाई."

माझ्या तब्येतीची एवढी काळजी आजवर कुणी केली नव्हती.

शनिवारी दुपारी रिक्षातून अंजली उतरली. जीवनची थोरली बहीण, लिंबागणेशला शिक्षिका. नाशिकच्या मावसबहिणीने तिला फोन केला होता, की मावशीची गाणी वर्षभर अडकलीत. अंजलीने स्वतःच्या घरचा इन्व्हर्टर बॅटरीसकट उचलून आणला होता. सरांना वास लागलाच. ते धावत आले.

"अंजलीताई, दोन दिवस थांबा. सोमवारी फेरमोजणी हाय."

"कशाची?"

"कासव वापरणाऱ्यांची."

अंजलीने माझ्या पेटीला हात लावला. आतून टकटक ऐकू येत होती.

"सर, हे ऐका. ही डिस्क सोमवार बघंल का? ह्यात माझी आई हाय. तुमी चार दिवस मोजत बसलात, कोण काय वापरतंय ते. काय देतंय, ते एकदा तरी बघितलं का?"

जीवन खाली बघत होता. मग त्याने इन्व्हर्टरची वायर जोडली. मला वाटतं, त्या क्षणी त्याला त्या कॅसेटी आठवल्या असतील.

त्या दुपारी लाईट गेली आणि मी गेलो नाही! आयुष्यात पहिल्यांदा. मी देत राहिलो. अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव. सातांपैकी पाच चिमणीवाले होते, दोन कासववाले. भिमाबाईच्या आवाजाने कुणालाच पक्ष विचारला नाही. रविवारी संध्याकाळी सातही पुरे झाले. सोमवारी पहाटे माझी टकटक थांबली.

फेरमोजणीत कासव शून्य. अजिनाथ पेढे वाटत फिरले. सरांनी जाहीर केलं की तरुणाईचा कल झपाट्याने बदलतोय, आणि यावर सखोल अभ्यासाची गरज आहे.

आता मी टेबलाखाली असतो. धूळ बसू नये म्हणून जीवनने माझ्यावर तोच फ्लेक्स टाकलाय. सरांचा गॉगल बरोबर माझ्या तोंडावर येतो. माझ्या जागी नवा संगणक आहे, चिमणीवाला. माझं एवढंच मागणं आहे: तुमचं घेऊन झालं की लगेच देवघेवीची खिडकी मिटून पळू नका. मागे कुणीतरी सत्त्याण्णव टक्क्यांवर थांबलेलं असतं.

त्या सात जणांनी खिडकी मिटली नव्हती. काल जीवनने नव्या संगणकावर मागणी लावली आणि नाशिक, नागपूर, सुरतहून तुकडे परत यायला लागले. अंजली खुर्ची ओढून बसली. आधी खोकला ऐकू आला. मग वरून, माझ्या डोक्यावरून, भिमाबाईने विचारलं, "चालू हाय का रं?"

मी बंद आहे. पण जीवन रडत रडत म्हणाला, "हाय, आई. चालू हाय."