मागं कोणी नसताना पळणारी माणसं

मी पंक्चर बोलतोय. दचकू नका, मी टायर नाही, कुत्रा आहे. मुकुंदवाडी स्टेशनकडं वळणाऱ्या रस्त्यावर कचरूचं पंक्चर काढायचं दुकान आहे. त्याच्या पुढ्यातल्या जुन्या टायरांच्या चळतीत माझा जन्म झाला. कचरूनं आम्हा भावंडांची नावं दुकानातल्या वस्तूंवरून ठेवली. भाऊ ट्यूब, बहीण व्हॉल्व्ह. माझ्यापर्यंत वस्तू संपल्या, म्हणून मला कामाचंच नाव मिळालं.

आईनं आम्हाला एकच विद्या दिली. पळणारं काही दिसलं की मागं लागायचं. मी मोटारसायकलींच्या मागं लागलो, रिक्षांच्या मागं लागलो, एकदा तर वरातीच्या घोड्यामागं लागलो आणि त्यात नवरदेवाचा फेटा गेला. पण एका पहाटे मी जे पाहिलं ते आईनंसुद्धा कधी पाहिलं नसेल. तीन माणसं रस्त्यानं पळत चालली होती, आणि त्यांच्या मागं कोणीच नव्हतं.

मला त्यांची दया आली. म्हटलं, एवढं पळतायत, तर निदान कारण तरी असावं. मी भुंकत मागं लागलो.

सगळ्यात पुढं होता ऋतुराज. हातात मोठं घड्याळ, डोक्याला पट्टा, पायात पोपटी बूट. तो जो सुटला तो थेट चिकलठाण्याच्या दिशेनं दिसेनासा झाला. दुसरा अभय. त्याचं पोट त्याच्या अर्धं पाऊल पुढं पळत होतं, तो विजेच्या खांबामागं लपला आणि दोन्ही बाजूंनी दिसत राहिला. तिसरी सुलेखा. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला गच्च बांधलेली. ती थांबली, वळली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय रे? काय पायजे तुला?"

मागं लागायचं मला शिकवलं होतं. गाठल्यावर काय करायचं, हे कोणी शिकवलंच नव्हतं. मी शेपूट हलवली. तिनं कानामागं खाजवलं आणि पुन्हा पळायला लागली. मीही निघालो.

तिघं मुकुंदवाडीतल्याच शाळेचे वर्गमित्र होते. सुलेखा सरकारी दवाखान्यात सिस्टर. अभय बिडकीनजवळच्या एका कारखान्यात सुपरवायझर. ऋतुराजचं प्लॉटिंगचं ऑफिस, पण मूळ घराणं खुलताबादकडचं, मोठ्या शेतीवाडीचं. शाळेच्या स्नेहमेळाव्यात गप्पांच्या भरात ऋतुराज बोलून गेला की आमच्या खुलताबादच्या डोंगरात हिवाळ्यात पन्नास किलोमीटरची शर्यत भरते, आपण पळायची का? अभय जेवणाच्या तंद्रीत होता, तो "व्हय" म्हणाला. सुलेखानं मात्र विचार करून होकार दिला.

का, ते तिनं पुढं एकदा शहराजवळच्या सातारा डोंगराच्या चढावर सांगितलं. "दिवसभर सगळे सिस्टर, सिस्टर म्हणतात. घरी गेलं की मम्मी, मम्मी. हितं निदान तासभर कोणी हाक मारत नाय."

"सुले, हळू ना जरा!" मागून अभय ओरडला.

"घ्या," ती म्हणाली.

रोज पहाटे मी दुकानासमोर वाट बघायचो. रविवारी अभयच्या व्हॅनमध्ये बसून आम्ही कधी लेण्यांमागच्या डोंगरात, कधी सारोळ्याच्या जंगलात जायचो. मला व्हॅनमध्ये कोणी बोलावलं नव्हतं. पण दार उघडं दिसलं तर आमच्यात ते आमंत्रणच समजतात.

माणसांबद्दल मी तिथं बरंच शिकलो. चढावर माणूस गप्प होतो आणि उतारावर उपदेश करतो. थांबायचं असलं की बुटाची नाडी सुटते, अभयची तर प्रत्येक वळणावर सुटायची. आणि घड्याळात पाहिल्याशिवाय माणसाला आपण दमलोय हे कळत नाही. ऋतुराज घड्याळ बघून म्हणायचा, "मी अजून दमलेलो नाही," आणि मग धोंड्यावर आडवा व्हायचा.

घोळ झाला तो नान-खलियावरून. ऋतुराजनं सगळ्यांचा आहार ठरवला होता. सकाळी ओट्स, संध्याकाळी मोड आलेली मटकी, तेलकट बंद, मटण तर अजिबात बंद. मास्तरासारखा रोज विचारायचा, काल काय खाल्लं? एका सुट्टीच्या दुपारी अभय आणि सुलेखा शहागंजातून नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा झणझणीत रस्सा, बांधून आणून व्हॅनमध्ये गुपचूप जेवत होते. मला मटणातली एक नळी मिळाली. एवढी मोठी नळी आयुष्यात पहिल्यांदाच मिळाली होती, ती कोणाला तरी दाखवावी असं वाटलं. ऋतुराजचं ऑफिस जवळच होतं. मी ती त्याच्या पायाशी नेऊन ठेवली.

तो माझ्यामागं चालत आला. व्हॅनचं दार उघडलं. आत रस्सा होता.

"माझ्यामागं असले धंदे?" तो ओरडला. "तुमच्यासाठी मी एवढं करतोय!"

"तू आमचा दोस्त हायेस का हेडमास्तर?" अभयही चिडला. "पळून पळून जीव चाललाय, आन् वरून मटकी!"

"जमत नाही तर सोडा. मी एकटा पळतो."

"पळ," सुलेखा म्हणाली. तिच्या हातात नान तसाच होता.

त्यानंतर बरेच दिवस ऋतुराज एकटाच पळाला. मी कधी त्याच्याबरोबर जायचो, कधी सुलेखाच्या दारात बसायचो. एकटा पळताना तो घड्याळाशी बोलायचा. घड्याळ उत्तर द्यायचं, पण हसायचं नाही. एका पहाटे गोगाबाबाच्या टेकडीखाली तो पायरीवर बसला होता, आणि समोरून ओढणी बांधलेली सुलेखा आली. मागं अभय.

"मी विद्यार्थी म्हणून आलेली नाय," ती म्हणाली. "दोस्त म्हणून आले. चालत असंल तर सांग."

ऋतुराज खाली बघत म्हणाला, "मलाबी मटकी आवडत नाय."

अभय एवढा हसला की त्याला खाली बसावं लागलं. नाडी न सुटता तो बसल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं.

शर्यतीच्या दिवशी खुलताबादला तांबडं फुटताना मोठी गर्दी होती. सगळ्यांच्या छातीवर नंबर. मला नंबर नव्हता. एका पोरानं मला हाकललं, मी दुसऱ्या बाजूनं आत गेलो. ऋतुराजचे वडील काकासाहेब पांढरं धोतर नेसून, फेटा बांधून आले होते. बरोबर झेंडूचा हार आणि हलगीवाले. "लेक डोंगरावरून पळत येणार हाय," असं ते चहाच्या गाडीवाल्यालाही सांगत होते. ऋतुराज लाजून हळू म्हणाला, "दादा, लई जण पळतायत."

"पळू दे की. तू त्यांच्या पुढं पळ."

पहिला डोंगर झाला, दुसरा झाला. सुलीभंजनच्या पलीकडं उतरलो, आणि वाट दाखवणाऱ्या नारिंगी रिबिनी दिसेनाशा झाल्या. त्याचं कारण मला दिसत होतं. झुडपाजवळ एक शेळी रवंथ करत होती आणि तिच्या तोंडातून नारिंगी टोक लोंबत होतं. मी भुंकून भुंकून सांगितलं. "पंक्चर, शेळ्यांना त्रास नको देऊ," ऋतुराज म्हणाला आणि घड्याळ बघत आम्हाला भलत्याच ओढ्यात घेऊन गेला.

ओढ्याच्या काठावर तुरीच्या रानात साळूबाई नावाची म्हातारी शेंगा तोडत होती. तिनं आमच्याकडं पाहिलं.

"आग लागली का रं कुठं?"

"नाय आजी, शर्यत हाय," अभय धापा टाकत म्हणाला. "जिंकलं की मेडल मिळतं."

"सोन्याचं?"

"पत्र्याचं."

म्हातारीनं तिघांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग तिनं ओच्यातल्या शेंगा तिघांना दिल्या, मला भाकरीचा तुकडा दिला आणि म्हणाली, "लेकरं लई दमली. ह्या पांदीनं सरळ जावा."

आम्ही सरळ गेलो. शेतांमधली ती पांद संपली आणि समोर डांबरी रस्ता आला. एसटीचा थांबा होता. मागून साळूबाईचा आवाज आला, "आता गाडी यील बरं का! बसा निवांत! डोंगरात काय ठिवलंय!"

तिची काही चूक नव्हती. तिनं शहाण्या माणसाला सांगावी तीच वाट सांगितली होती.

आता डोंगराची वाट पुन्हा मागं जाऊन धरायची, म्हणजे शर्यतीला दिलेली वेळ संपणारच. ऋतुराज रस्त्यावर उभा राहून खुलताबादकडं बघत होता. तेवढ्यात एक रिकामी रिक्षा आली आणि हळू झाली.

"गावाबाहेर उतरू," तो कोणाकडं न बघता म्हणाला. "शेवटचा थोडा रस्ता पळून जाऊ. कोणाला कळतंय? दादा हार घेऊन उभे हायेत रे. हलगी लावलीय."

अभय म्हणाला, "मेडल गळ्यात घालताना आमच्याकडं बघू नको, म्हणजे झालं."

"तू बस," सुलेखा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "आमच्यासाठी कोणी हलगी आणलेली नाय. आमचं सोपं हाय." आणि ती वळून पांदीला लागली. अभयही लंगडत मागं गेला.

ऋतुराज रिक्षात बसला. मीही उडी मारून त्याच्या शेजारी बसलो. खरं सांगतो, मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पंजे तापले होते, तोंडावर वारा येत होता. मी जीभ बाहेर काढून मजेत बसलो. ऋतुराजनं एकदा माझ्या आनंदी तोंडाकडं पाहिलं आणि मान फिरवली.

रिक्षावाल्या चाचांनी आरशातून बघितलं. "तुम काकासाहेब के बेटे ना? अरे, वो तो सुबह से हलगीवालों को चाय पिला रहे. धूप में खड़े हैं. मैं बोला, छाँव में बैठो. बोले, नक्को, लेकरू उन्हात पळतंय, मी सावलीत कसा बसू?"

ऋतुराज पुढं वाकून म्हणाला, "चाचा, रिक्षा फिरवा."

"कुछ भूल गए क्या?"

"व्हय. दोन माणसं."

मला उतरायचं नव्हतं. त्यानं मला उचलून उतरवलं. मग जे पळालो ते आठवलं की आजही माझी जीभ बाहेर येते. वाट शोधायला अडचण आली नाही. अभयनं गुडघ्यांना एवढं मलम चोपडलं होतं की अख्ख्या डोंगराला सर्दी झाल्यासारखा वास येत होता. घड्याळ बघायचं सोडून ऋतुराज माझ्या शेपटीकडं बघत पळाला.

मोठ्या चढाखाली सुलेखा बुटातले खडे झाडत बसली होती. अभय शेजारी आडवा.

"बसलो व्हतो रिक्षात," ऋतुराज म्हणाला.

"बघितलं."

"जिथं बसलो तिथंच परत उतरलो."

"तेबी दिसतंय," ती उठत म्हणाली. "अभ्याला एका बाजूनं धर. पायात गोळे आलेत त्याच्या."

तो डोंगर आम्ही पळत नाही, चालतच चढलो. माथ्यावरून खुलताबादचे पांढरे घुमट दिसले. अभयनं उरलेल्या शेंगा सोलून सगळ्यांना वाटल्या. मलाही एक दाणा दिला. मला दाणे आवडत नाहीत, पण मी खाल्ला.

खाली पोचलो तेव्हा मैदान ओस पडलं होतं. पोरं शेवटच्या कमानीची हवा काढून तिची घडी घालत होती. "थांबा, परत फुगवतो," एक जण म्हणाला. "राहू दे," म्हणत तिघांनी हातात हात घालून त्या घडीवरूनच उडी मारली. अभय जेमतेम पार झाला. मेडलची पेटी बंद झाली होती.

हलगीवाले जेवून निघून गेले होते. काकासाहेब उन्हातच उभे होते. रिक्षावाल्यानं येऊन त्यांना सगळं सांगितलं होतं.

"बसला व्हतास?" त्यांनी विचारलं.

"व्हय, दादा."

"मग उतरलास कशाला, येड्या? हलगीवाले तरी थांबले असते." मग त्यांनी लेकाच्या सोलवटलेल्या पायांकडं पाहिलं. आवाज उतरला. "ही दोघं काय बोलली तुला?"

"काय नाय बोलली."

काकासाहेबांनी मान हलवली. हातात सुकलेला हार होता. "सगळ्यात शेवटी कोण आलं?"

अभय आणि ऋतुराज एकमेकांकडं बोट दाखवायला लागले. सुलेखा म्हणाली, "मी आले, बाबा."

"म्हणजे सगळ्यात जास्त वेळ तू पळालीस," काकासाहेब म्हणाले आणि तो हार त्यांनी तिच्या गळ्यात घातला. ती हसायला गेली आणि तिच्या डोळ्यांतून पाणीच आलं. ऋतुराजनं तोंडानंच हलगी वाजवली, अगदी बेसूर. मी सुरात सूर मिळवला, तर काकासाहेबांनी कानावर हात ठेवले.

आता माझी कंबर धरते. डोंगर मला झेपत नाही. ते तिघं अजून पळतात, दरवर्षी शर्यतीत नाव देतात, आणि कधी कधी वेळेतही पोचतात. काकासाहेब दवाखान्यासाठी शहरात लेकाकडं राहायला आले आहेत. डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितलंय. पहाटे ते काठी घेऊन निघतात आणि त्यांच्या चालीनं चालणारा सगळ्या वस्तीत मी एकटाच आहे. तिघं धाडधाड पुढं निघून जातात. काकासाहेब म्हणतात, "जाऊ दे त्यांना. आपण जपून." मग आम्ही प्रत्येक ओट्यावर बसतो. मी नाडी सोडू शकत नाही, म्हणून ते स्वतःच काठी खाली टाकतात.

वाचणाऱ्या ताई-दादांनो, एक विनंती करतो आणि निघतो. पहाटे तुमच्या गल्लीतून कोणी धापा टाकत, लंगडत, सगळ्यांच्या मागं राहून जाताना दिसलं, तर त्याला 'कितवा नंबर आला' असं विचारू नका. 'उद्या येताय ना?' एवढंच विचारा.