दुसऱ्या पालकाचा नंबर

शाळेच्या ऑफिसात बावीस वर्षं काढलेल्या क्लार्कबाईंना त्यांच्यामागे सगळे 'रकानेबाई' म्हणत, आणि हे त्यांना ठाऊक होतं. नाव कुणी पाडलं हेही ठाऊक होतं, चित्रकलेच्या सरांनी. बाईंना त्याचा राग नव्हता. रिकामा रकाना दिसला की त्यांना चैन पडत नसे, हे खरंच होतं. जन्मतारीख, रक्तगट, पत्ता, पहिला पालक, दुसरा पालक, दोघांचे फोन नंबर. एखाद्या आईने रक्तगट सोडला, तर तिला खिडकीशी उभं करून घरी फोन लावायला लावत. तपासणीला येणारे साहेब रिकाम्या रकान्यांभोवती लाल पेनाने गोल काढत, आणि गेल्या सात तपासण्यांत बाईंच्या रजिस्टरात एकही गोल निघाला नव्हता. माणसाला कशाचा तरी तोरा असतोच. बाईंना ह्याचा होता.

ती तिसरीतली मुलगी वर्षाच्या मध्येच आली. आईच्या मागे अशी चिकटून चालायची की गेटवरच्या वॉचमनकाकांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव 'शेपूट' ठेवलं. आई एका लाँड्रीत इस्त्रीचं काम करायची. तिचा डावा हात कोपरात पूर्ण सरळ होत नसे, आणि तो तसा का झाला हे विचारायची गरज कुणाला पडली नाही. नवऱ्याचं घर सोडून ती मुलीला घेऊन थोरल्या बहिणीकडे येऊन राहिली होती. नवरा दुसऱ्या गावात होता आणि ह्या दोघी कुठे आहेत हे त्याला माहीत नव्हतं. तेवढ्या एका गोष्टीवर त्यांचं सगळं चाललं होतं.

शाळेत जिन्याखाली एक छोटी खोली होती, दोन मऊ खुर्च्या आणि एक सतरंजी मावेल एवढी. तिथे बसणाऱ्या समुपदेशक बाईंना मुलं 'गप्पांच्या बाई' म्हणत. घरी मार खाणारी, अचानक मुकी झालेली, डबा न आणणारी मुलं त्यांच्याकडे जात आणि मागोमाग हळूहळू त्यांच्या आयाही. शेपटीची आई पहिल्यांदा त्या खोलीत गेली तेव्हा खुर्चीत बसल्या बसल्या झोपली. गप्पांच्या बाईंनी तिला उठवलं नाही. दारावर 'आत काम चालू आहे' अशी पाटी लावून त्या दीड तास बाहेर स्टुलावर बसल्या. ऑफिसातल्या बाईंना तेव्हा हसू आलं होतं. काय हे काम, म्हणे!

पण काम होत होतं, हे बाईंनाही मान्य करावं लागलं. मुलीला न्यायला फक्त आई किंवा मावशी येणार, आणि आल्यावर ठरलेला परवलीचा शब्द सांगणार, असं ठरलं. वर्गशिक्षिकेने मुलीची जागा रस्त्याकडच्या खिडकीपासून हलवली. गप्पांच्या बाईंनी आईला डॉक्टर गाठून दिला, वकील गाठून दिला, दर गुरुवारी अशाच चार जणी एकत्र बसतात त्यांच्यात बसवलं. पाच महिन्यांनी मुलगी आईच्या पुढे पळत गेटपर्यंत जायला लागली. "आता नाव बदलावं लागणार," असं वॉचमनकाका म्हणाले तेव्हा आई हसली, तोंडावर हात न ठेवता.

मग जुन्या शाळेतून मुलीची फाइल टपालाने आली.

"ती फाइल आली की तशीच माझ्याकडे द्या," असं गप्पांच्या बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. "माझ्याच कपाटात राहील ती. कुलपात."

"का बरं?"

"तसंच आहे जरा. सांगण्यासारखं नाही."

हे बाईंना झोंबलं. बावीस वर्षं शाळेतल्या हरेक पोराची कुंडली ज्यांच्या कपाटात, त्यांनाच सांगण्यासारखं नाही! काल आलेल्या बाईचं कुलूप, आणि आपण काय पोस्टमन? टपाल आलं की त्यावर आवक क्रमांक घालावा लागतो, हा नियमच आहे. क्रमांक घालायचा तर पाकीट उघडावं लागतं. बाईंनी उघडलं. पहिल्याच पानावर वडिलांचं नाव होतं आणि ठळक अक्षरात फोन नंबर. इकडे त्यांच्या रजिस्टरात दुसऱ्या पालकाचा रकाना पाच महिने कोरा होता. आईने तो कोरा सोडला तेव्हा गप्पांच्या बाई शेजारीच उभ्या होत्या, म्हणून बाई गप्प बसल्या होत्या. तपासणी आठ दिवसांवर आली होती. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, नंबर रजिस्टरात लिहिला, मग कॉम्प्युटरात घातला, आणि पाकीट पुन्हा चिकटवून गप्पांच्या बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवलं. त्या माणसाला शाळेत घ्यायचं नाही एवढं त्यांना माहीत होतं. नंबर लिहिणं म्हणजे शाळेत घेणं नव्हे, असं त्यांनी स्वतःला सांगितलं असेल, किंवा तेवढंही सांगितलं नसेल. हात सवयीने चालला.

तपासणी झाली. एकही गोल निघाला नाही. दुसऱ्या आठवड्यात पालकसभेचा मेसेज गेला: शाळेचं नाव, वेळ उद्या चार, प्रवेश मागच्या गेटने. बाईंनी नेहमीसारखं 'सर्व पालक' वर बोट ठेवलं आणि चहा प्यायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला एक माणूस गेटवर आला. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात रंगपेटी, बोलणं एकदम गोड. मुलीचं नाव सांगून तिला न्यायला आलोय म्हणाला, तेव्हा वॉचमनकाकांनी परवलीचा शब्द विचारला. तो हसला आणि म्हणाला, "बापाला कसला शब्द विचारता काका?" काकांनी दार उघडलं नाही. गप्पांच्या बाई धावत आल्या, मोठ्या बाईंनी पोलिसांना फोन लावला, मुलीला जिन्याखालच्या खोलीत नेऊन बसवलं. शाळेने सगळं जसं ठरलं होतं तसं केलं. पोलीस येईपर्यंत तो निघून गेला. गेला कसला, समोरच्या बसस्टॉपच्या आडोशाला उभा राहिला. तासाभराने मायलेकी शिक्षकांच्या सोबतीने बसमध्ये चढल्या, तेव्हा तोही मागच्या दाराने चढला असणार.

संध्याकाळी त्याने मावशीच्या घराचं दार तोडलं. मावशी कामावर होती. शेजारचे जमले म्हणून आईचा एक दात आणि डोक्यावरची खोक एवढ्यावरच भागलं. मुलगी पलंगाखाली होती. पोलिसांनी त्याला नेलं आणि दोन दिवसांनी सोडलं.

मारहाणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच ही बातमी ऑफिसात आली होती. बाईंनी लगेच कॉम्प्युटर उघडला आणि पाठवलेल्या मेसेजची यादी खालपर्यंत सरकवली. तो नंबर तिथे होता. समोर 'पोहोचला' असं लिहिलेलं. थोड्या वेळाने त्या उठल्या, दार लावून घेतलं, नंबर कॉम्प्युटरातून काढून टाकला आणि रजिस्टरातल्या आकड्यांवर पांढरा रंग फिरवला. बावीस वर्षांत त्यांनी रजिस्टरात पहिल्यांदाच खाडाखोड केली, आणि ती इतकी सफाईने केली की त्यांचीच त्यांना भीती वाटली.

सांगणार होत्या त्या. हे मात्र खरं. पण चार दिवसांनी डोक्याला पट्टी बांधून आई स्वतःच खिडकीशी आली, मुलीच्या रजेचा अर्ज घेऊन.

"बाई, तुम्हा सगळ्यांचे उपकार कसे फेडू? काकांनी दार उघडलं असतं तर पोरगी गेलीच होती माझी."

"अहो, उपकार कसले..."

"त्याला सांगितलं कुणी, ते कळलंय मला." तिचे ओठ सुजलेले होते, शब्द जाड येत होते. "दोनच ठिकाणी माहीत होतं. शाळेला आणि ताईला. शाळा कशाला सांगेल? ताई म्हणायचीच, पोरीला बाप लागतो, एकदा समोरासमोर बसा. आणि नेमकी त्या दिवशी घरी नव्हती."

आता बोलावं, आत्ताच, असं मनात आलं. मग मेमो, चौकशी, चित्रकलेच्या सरांचं तोंड, दोन वर्षांवर आलेली निवृत्ती, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. त्यांनी अर्ज घेतला, शिक्का मारला आणि म्हणाल्या, "उगाच संशय घेऊ नये हो कुणावर." एवढंच म्हणाल्या. भ्याडपणालाही किती शहाणपणाचं बोलता येतं पाहा!

आई आणखी पाच दिवस बहिणीच्या घरी राहिली. त्या पाच दिवसांत बाईंना अन्न गोड लागलं नाही, पण तोंडातून ब्र निघाला नाही. मग एका दुपारी गप्पांच्या बाई ऑफिसात आल्या आणि थकून बाकावर बसल्या.

"शेपटीची सोय केली. शहराच्या दुसऱ्या टोकाला बायकांसाठी निवारा आहे, तिथे जातायत दोघी. पत्ता कुणाला कळत नाही. शाळाही तिकडचीच बघितलीय."

"बहिणीकडेच राहिल्या असत्या तर? आता पोलिसांना माहीत आहे..."

"बहिणीशी बिनसलंय. काल रात्री फार झालं म्हणे. 'तू मला विकलंस' म्हणाली ती बहिणीला, तिच्या मुलांसमोर. बहीण शपथा घेत होती. आईबाप नाहीत त्यांना. दोघीच एकमेकींना." गप्पांच्या बाईंनी डोळे चोळले. "आमचं काम असं असतं बघा. घर शोधून देता येतं. बहीण कुठून शोधून देणार?"

बाईंनी रजिस्टर उघडलं, ते पान काढलं आणि पांढऱ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. जे झालं ते सगळं सांगितलं, पाकीट उघडण्यापासून. सांगताना रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

गप्पांच्या बाईंनी रजिस्टर आपल्याकडे ओढून ते पान पाहिलं.

"तुम्हाला मी सांगायला हवं होतं, का ते," त्या म्हणाल्या. "तेवढं माझं चुकलं. पण नऊ दिवस, बाई? नऊ दिवस?"

"मोठ्या बाईंना मीच सांगते."

"ते सांगावंच लागेल. पण आधी तिला. आज तीनला येतेय ती. तुम्ही बोला. मी शेजारी बसते."

जिन्याखालच्या खोलीत आई त्याच मऊ खुर्चीत बसली होती. पायाशी दोन पिशव्या, तेवढाच संसार. मुलगी वर्गात शेवटचा तास संपवत होती. बाई समोर बसल्या आणि एका दमात बोलल्या. फाटे फोडले नाहीत, तपासणीचं कारण दिलं नाही. "तुमच्या बहिणीने नाही सांगितलं. माझ्यामुळे कळलं त्याला. आणि मला नऊ दिवसांपासून माहीत आहे."

आई ओरडेल, अंगावर येईल, असं बाईंना वाटत होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. आईने आधी गप्पांच्या बाईंकडे पाहिलं, खरं का, असं. त्यांनी मान हलवली. मग ती वाकडा हात दुसऱ्या हाताने दाबत राहिली.

"चार दिवसांनी मी आले होते खिडकीशी," ती म्हणाली. "तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"तेव्हा मी ताईला काही बोलले नव्हते अजून."

बाईंनी मान खाली घातली. नंबर लिहिला ती चूक म्हणता आली असती. ह्याला काय म्हणायचं?

"तिला फोन लावा," आई म्हणाली. "तुम्हीच लावा. माझा उचलत नाही ती."

बाईंनी आपल्या फोनवरून नंबर लावला. पलीकडे यंत्रांची घरघर होती, बहीण कामावर असणार. बाईंनी आपण कोण ते सांगितलं आणि सगळं पुन्हा सांगितलं, शब्द न गाळता. बहिणीने एकदाही मध्ये तोडलं नाही. मग ती बोलली, शांतपणे, आणि फोन ठेवला.

"काय म्हणाली?" आई पुढे सरकली होती. नऊ दिवसांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं होतं.

गप्पांच्या बाईंनी बाईंकडे पाहिलं. 'बघते म्हणाली' असं सांगता आलं असतं, 'रागावलीय, येईल ताळ्यावर' असंही. बाईंच्या जिभेवर आलंही होतं ते. पण एकदा गप्प राहून त्यांनी ह्या बाईचं जे केलं होतं, ते त्यांच्यासमोर बसलं होतं.

"मला म्हणाल्या," बाईंनी सांगितलं, "चूक तुमची झाली, समजलं. पण माझ्यावर संशय घे असं काही तुम्ही सांगितलं नव्हतं तिला. ते तिचं तिलाच सुचलं."

आईने मान हलवली, एकदा, आणि पुन्हा एकदा. चेहऱ्यावरचं ते उजळलेलं गेलं. बाहेर शाळा सुटल्याची घंटा झाली आणि जिन्यावरून मुलांचे पाय धडधडत उतरायला लागले. तिने पिशव्यांचे बंद हातात घेतले.

"पोरीचा दाखला आज मिळेल का?" खिडकीशी येणारे सगळेच विचारतात तसं तिने विचारलं. "परत यायला नको."

"मिळेल," बाई म्हणाल्या, आणि तो लिहायला उठल्या.