ताईची तीन वाक्यं

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या नव्या पाळकाला मी भोंगा म्हणते. तोंडावर अर्थातच सर. चाळीस खुर्च्यांच्या खोलीत जो माणूस दोन-दोन स्पीकर लावून बोलतो, त्याला दुसरं काय म्हणायचं?

ताईला बाप्तिस्मा हवा होता. तिच्या उभ्या आयुष्यातला एवढा एकच हट्ट. पण पाण्यात उतरण्याआधी सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडानं साक्ष द्यायची असा नियम, आणि ताई लहानपणापासून बोलताना अडखळते. आमच्या चष्म्याच्या दुकानात ती मागे बसून भिंगं घासते, फ्रेममध्ये बसवते. तिच्या हातचं काम कधी परत येत नाही. गिऱ्हाइकांशी बोलायचं खातं माझं. तिनं तीन वाक्यांची साक्ष लिहिली आणि महिनाभर यंत्राच्या घरघरीत घोकली. ऐकून ऐकून मलाही पाठ झाली.

भोंगा घरी आला, तिचं अडखळणं ऐकलं आणि निदान करून मोकळा झाला. म्हणे मुका आत्मा आहे. तो निघाल्याशिवाय बाप्तिस्मा नाही, आधी सुटकेची सभा घ्यावी लागेल. मी म्हटलं, इतक्या डॉक्टरांना जे सापडलं नाही ते सरांना चहा संपायच्या आत सापडलं. ताईनं मला गप्प बसायची खूण केली. पाण्यात उतरायला मिळत असेल तर ती हेही सोसायला तयार होती.

रविवारी भोंग्यानं मागच्या खोलीतला हौद आधीच भरून ठेवला. आत्मा काढायचा आणि लागलीच बाप्तिस्मा, असा त्याचा बेत. बाह्या सरसावून त्यानं ताईच्या डोक्यावर पंजा ठेवला, तिची मान वाकवली आणि आत्म्याला नाव विचारलं. ताईनं तोंड उघडलं की हा सांगे, तो विरोध करतोय. पहिल्या रांगेतल्या बायका डोळे मिटून डुलत होत्या. त्यातल्या दोघी आमच्या दुकानात चष्म्याचा नंबर तपासायला येतानाही तक्त्यावरची अक्षरं पाठ करून येतात. अर्ध्या तासानं घामाघूम होऊन त्यानं आत्मा गेल्याचं जाहीर केलं आणि ताईसमोर माईक धरला.

"प्र... प्र..." ताई म्हणाली.

"प्रभूनं मला मोकळं केलं, असं म्हणतेय ती," भोंगा म्हणाला.

टाळ्या पडल्या. ताईनं मान हलवून नाही म्हटलं आणि पुन्हा सुरुवात केली. त्यानं पुन्हा वाक्य पुरं केलं. तिसऱ्या खेपेला तिनं त्याच्या हातातून माईक काढून घेतला, अगदी हळू, नाजूक फ्रेम उचलावी तसा. मला आतून उकळ्या फुटत होत्या.

"प्रभू माझं ऐ... ऐकतो," ताई म्हणाली. "मी क... कितीही अडखळले तरी. त्याला..."

तिथे तिचा जबडा अडकला. मानेची शीर फुगली, ओठ थरथरायला लागले. मला बघवेना.

"घाई नसते," मी दुसऱ्या रांगेतून मोठ्यानं म्हणाले. तिच्या भल्यासाठीच. दुकानात रोज तिची वाक्यं पुरी करते तसंच.

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मघाशी भोंग्याकडे जशी पाहत होती, अगदी तशीच. राग नव्हता तिच्या डोळ्यांत, या सगळ्याची सवय होती. माझी कानशिलं तापली. इतकी वर्षं मी स्वतःला तिची वाचा समजत आले होते.

मग तिनं डोळे मिटले आणि पहिल्या शब्दापासून पुन्हा सुरुवात केली. या वेळी कोणी मध्ये बोललं नाही. भोंगा तोंड उघडायला गेला, तेव्हा मी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं ते मिटलं. माझं मात्र मला दातांनी ओठ धरून मिटावं लागलं.

शेवटचा शब्द यायला फार वेळ लागला. तो आला तसा ताईनं माईक खुर्चीवर ठेवला, चपला काढल्या आणि हौदाकडे चालू लागली. आत्मा गेला असं भोंग्यानंच चाळीस जणांसमोर सांगितलं होतं. तो मुकाट्यानं तिच्या मागोमाग गेला.