एका बोटाची जागा

मी एक जुनं मुसकं आहे. मित्रांनो म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो. बाकी मी कुणाचा मित्र नाही आणि तुमचा तर मुळीच नाही. तोंडं बंद करणं हा माझा जन्माचा धंदा. आज स्वतःचं उघडतोय ते नाइलाजाने, तेव्हा चुळबुळ न करता ऐका.

मला एका म्हातारीने शिवलं. ती खोगिरं शिवायची आणि तिची जीभ तिच्या आरीपेक्षा तिखट होती. जाड चामड्याचे पट्टे, पुढे लोखंडी जाळी, जबड्याखाली बक्कल आणि बक्कलाच्या पट्ट्याला तीन भोकं, असा माझा थाट. शिवताना ती मला सारखी बोलत होती. "मेल्या, तू नरम पडलास तर एक माणूस जाईल," असं म्हणून तिने शेवटचा दोरा दातांनी तोडला. लाड काही केले नाहीत. बरंच झालं.

कारण मला कड्याच्या घोड्याच्या तोंडावर बसायचं होतं. तुम्ही ज्यांना गाजरं भरवता आणि मानेवरून हात फिरवता, ते घोडे वेगळे. हे कड्याच्या कपारीत जन्मतात, रंगाने खडकासारखे करडे असतात आणि मांस खातात. त्यांचा चावा जिथे बसतो तिथल्या मांसाचा दगड होतो. बोटाला चावला तर बोट जातं, छातीला चावला तर माणूस जातो. हे सगळं माहीत असून माणसं दर वर्षी त्यांच्या पाठीवर बसतात आणि कड्याच्या काठाने शर्यत लावतात. घोड्यांना निदान अक्कल नसते, एवढं तरी म्हणता येतं.

या शर्यतीत आपल्या घोड्याला मुसकं आपण बांधायचं नसतं. शेजारच्या ठाणावरच्या स्वाराने बांधायचं. आपल्या घोड्याची दया येते, शेजाऱ्याच्या घोड्याची येत नाही, आणि तो घोडा मोकळा सुटला तर पहिला चावा शेजाऱ्यालाच बसतो. म्हणून शेजारी नीट बांधतो. मग मालकाने पट्ट्याखाली बोट घालून बघायचं. एक बोट मावलं की झालं. दोन मावली तर मुसकं सैल. एकही मावलं नाही, तर धावताना घोडा गुदमरून कोसळणार आणि स्वार कड्याखाली जाणार. मालकाने 'ठीक' म्हटलं की पंच पुढच्या ठाणाकडे वळतो. ज्याने ही रीत घातली त्याला माणसं चांगली कळत होती. फक्त शेजारी शेजारी दोघे भाऊ उभे राहिले तर काय, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही.

आमच्या तबेल्यात दोघे भाऊच होते. मध्ये कमरेएवढी भिंत, अलीकडे धाकट्याचा घोडा, पलीकडे थोरल्याची घोडी. मी धाकट्याच्या घोड्याचं मुसकं, म्हणून मला बांधायचं काम थोरल्याचं. काही वर्षं त्याने ते इतकं चोख केलं की पंच नव्या स्वारांना माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "असं बांधायचं असतं." मला तेल लागायचं, जाळी घासली जायची. मी फुगलो नव्हतो असं म्हणणार नाही.

मग एका वर्षी घोड्याच्या नाकावर जखम झाली. माझ्याच पट्ट्याने घासून झाली होती. घासणं माझ्या कामातच येतं, त्याचं मला वाईट वाटत नाही. पण थोरल्याला वाटलं. भावाचा घोडा, त्याला हुळहुळतंय, म्हणून त्याने मला मधल्या भोकात न अडकवता एक भोक सैल सोडलं. धाकट्याने बोट घातलं. एक गेलं, दुसरंही गेलं. त्याने भावाकडे पाहिलं, जखमेकडे पाहिलं आणि पंचांना म्हणाला, "ठीक." अर्ध्या वाटेवर घोड्याने मला नाकावरून झटकून दिलं आणि शेजारून धावणाऱ्या थोरल्याच्या छातीला तोंड घातलं. मी तेव्हा घोड्याच्या गळ्यात लोंबत होतो. सगळं पाहिलं, मला डोळे मिटता येत नाहीत.

थोरल्याच्या मागे त्याची एक मुलगी राहिली. तिच्या मनाने घेतलं की काकाने शर्यत जिंकण्यासाठी मुद्दाम घोड्याचं तोंड मोकळं सोडलं. तिला कुणी खरं सांगितलं नाही, आणि काका तर तोंडाला कुलूप घालून बसला. तिने तबेल्यातली भिंत छतापर्यंत चढवली. पाण्याचा हौद दोघांचा होता, त्याच्याही मधोमध विटा रचल्या. काकाने 'जेवलीस का' विचारलं, तर ती घोडीशी बोलायची. काकाने शर्यत सोडली आणि मला खुंटीला टांगलं. तेल नाही, पाणी नाही. माझं चामडं सुकून कडक झालं आणि मनात माणसांविषयी जे होतं नव्हतं तेही सुकलं.

पोरगी मोठी झाली आणि तिने शर्यतीला नाव दिलं. काकाने ते ऐकलं, त्याच दिवशी स्वतःचंही दिलं आणि मला खुंटीवरून खाली काढलं. आता लक्ष द्या. मला बांधायचं काम तिच्याकडे आलं, आणि तिला तिचा काका मेलेला हवा होता. ती हे मनात घोळवत नव्हती, तिने ठरवून टाकलं होतं. शर्यतीच्या सकाळी तिच्या खिशात आरी होती. तीन भोकांच्या आत, जिथे म्हातारीने कधी सुई लावली नाही, तिथे तिने चौथं भोक पाडलं आणि मला तिथवर ओढून आवळलं. घोड्याच्या नाकपुड्या फाकल्या. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. इतकं घट्ट मला कुणीच बसवलं नव्हतं.

काका बोट घालायला आला. बोट गेलं नाही. त्याने पुन्हा घालून पाहिलं, नखसुद्धा गेलं नाही. नव्या भोकाची पांढरी कड त्याला दिसत होती. पोरगी समोर उभी होती, तिने मानही खाली घातली नाही.

पंचांनी विचारलं, "कसं आहे?"

काका म्हणाला, "ठीक."

शर्यत सुटली. घोड्याला श्वास पुरेना. वळणावर तो लडखडला, काका कड्याच्या बाजूला झुकला, आणि पोरीने शेजारच्या घोडीवरून ते बघितलं. तिला हवं होतं तेच होत होतं. पण वर्षानुवर्षं तेल न लागलेलं चामडं आणि त्यात नको तिथे पाडलेलं भोक. मी तिथेच फाटलो. घोड्याचं तोंड मोकळं झालं आणि जवळ होती ती एकटीच. तो तिच्या गळ्याकडे वळला. काकाने पाठीवरून वाकून आपला उजवा हात त्याच्या दातांत दिला.

शर्यत कोण जिंकलं ते मला विचारू नका, मला त्याचं कधीच काही नव्हतं. ती दोघं रस्त्याच्या कडेला बसली होती. घोड्याचं तोंड तिने खोगिराच्या पट्ट्याने बांधलं होतं. काकाची बोटं करडी पडत पडत मनगटापर्यंत दगड झाला आणि थांबला.

ती म्हणाली, "बोट गेलं नव्हतं तुमचं. बोलला का नाहीत?"

"तुझ्या बापाने बांधलं तेव्हा दोन गेली होती. तेव्हाही मी बोललो नव्हतो."

मग तिने जे विचारलं, त्याचं उत्तर काकाने पहिल्यापासून शेवटपर्यंत दिलं, नाकावरच्या जखमेपासून. ती रडली. काका रडला. मी फाटून पडलो होतो, माझी चौकशी कुणी केली नाही.

नंतर तिनेच मला नवा पट्टा शिवला. टाके वाकडे आहेत. म्हातारी असती तर तिचे कान उपटले असते. भोकं मात्र तीनच पाडली. हौदातल्या विटा काढल्या, तबेल्यातली वाढवलेली भिंत अजून आहे. गोडीगुलाबीने राहतात असंही नाही. परवाच घोडा घासायच्या खराऱ्यावरून दोघांचं कडाक्याचं वाजलं.

आता माझं मागणं ऐका, मित्रांनो, आणि ते फक्त माझ्यापुरतं समजू नका. मला तेल लावा. माझ्यावर दया करून मला सैल सोडू नका आणि रागाने मला आवळू नका. पट्ट्याखाली बोट घालाल तेव्हा जे लागेल ते तिथल्या तिथे मोठ्याने सांगा. तेवढं जमत नसेल तर माझ्याजवळ फिरकू नका.

यंदाच्या शर्यतीला तिने मला मधल्या भोकात बांधलं. काकाने सवयीने उजवा हात पुढे केला आणि दगडाचं बोट माझ्यावर टेकवलं. ते इकडे तिकडे हलवलं. पंच थांबले होते.

"मला काही कळत नाही यात," काका तिला म्हणाला. "तूच घालून बघ."

तिने स्वतःचं बोट आत घातलं. घोडा गुरगुरला, मी जागचा हललो नाही.

"एक मावतंय."

"दुसरं?"

तिने दुसरं घालायचा प्रयत्न केला, चांगला जोर लावून. "नाही मावत."

"मग सांग त्यांना," काका म्हणाला, आणि तिने पंचांकडे वळून सांगितलं, "ठीक."